कुंदा, करदंट, पुरणपोळी: सणाचं गोड मोजून कसं खावं

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी या भागात गोडाचा हंगाम श्रावणातल्या पंचमीच्या लाडवांनी सुरू होतो आणि पाडव्याच्या गाठीपर्यंत चालतो. मध्ये गणपतीचे मोदक, दसरा, दिवाळीचा फराळ, कॅम्पातल्या नाताळच्या नेवऱ्या नि कुलकुल, संक्रांतीचा तिळगूळ, यल्लम्माच्या नैवेद्याच्या पोळ्या. शिवाय लग्नसराईतले मांडे आहेतच. एवढ्या लांब रांगेत ‘यंदा गोड बंद’ हा निश्चय गणपतीपर्यंतसुद्धा टिकत नाही. मोडला की माणूस ‘आता मोडलाच आहे तर’ म्हणून दुप्पट खातो. टिकतो तो वेगळा मार्ग: पदार्थ खराच खायचा, आकार लहान ठेवायचा आणि संख्या आधी ठरवायची. साखरेऐवजी काय घालावं यावर घरोघरी फार चर्चा होते. लाडू किती ग्रॅमचा वळला हे मात्र कोणी बघत नाही, आणि खरा फरक तिथेच पडतो.

दिवसाला किती

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या शिफारशीनुसार वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या १० टक्क्यांच्या आत असावी, आणि जमल्यास ५ टक्क्यांच्या आत. २००० कॅलरी खाणाऱ्या माणसाला हे अनुक्रमे ५० आणि २५ ग्रॅम होतं. सपाट चहाचा चमचा साधारण ५ ग्रॅमचा धरला तर १० चमचे आणि ५ चमचे. गूळ, मध, काकवी, सरबत, डब्यातला फळांचा रस हे सगळं या हिशेबात धरायचं. अख्खं फळ आणि साधं दूध धरायचं नाही.

आता चहा बघा. दोन चमचे साखरेचा चहा दिवसातून तीन वेळा म्हणजे ३० ग्रॅम. सणाच्या आदल्या साध्या दिवशीच २५ ग्रॅमची मर्यादा ओलांडलेली असते, तीही कसलाच उत्सव नसताना. म्हणून पहिली काटकसर लाडवात करण्याऐवजी चहात करावी. पंचमीच्या आठवडाभर आधीपासून प्रत्येक कपात अर्धा चमचा कमी करायचा, आणखी आठवड्याने पुन्हा अर्धा. एकदम बंद केला तर चहा कडू लागतो आणि तिसऱ्या दिवशी डबा परत खाली येतो. हळूहळू केलं तर जीभ दोन-तीन आठवड्यांत सरावते. एवढ्याने रोजचे १५ ग्रॅम सुटतात. तीच जागा सणाच्या गोडाला वापरायची.

स्वयंपाकघरात ग्रॅमचा लहान काटा असेल तर उत्तम. नसेल तर एक लाडू किराणा दुकानात तोलून घ्या आणि तो आकार हाताला लक्षात ठेवा. बहुतेक घरांत ‘मध्यम’ म्हटला जाणारा लाडू ४० ते ५० ग्रॅमचा भरतो.

गूळ की साखर

आपला भाग उसाचा. बेळगाव जिल्हा कर्नाटकात ऊस पिकवण्यात आघाडीवर आहे आणि कोल्हापूरचा गूळ शेजारच्याच बाजारातला. त्यामुळे ‘गुळाचं आहे, खा हो’ हे वाक्य इथे हक्काने म्हटलं जातं. गुळात थोडं लोह आणि इतर खनिजं असतात, चव तर साखरेला कधीच येणार नाही अशी. पण गूळ बहुतांश साखरच आहे. १०० ग्रॅम साखरेत ४०० कॅलरी, तर १०० ग्रॅम गुळात साधारण ३८०. रक्तातली साखर दोन्ही सारख्याच वेगाने चढवतात. मधुमेह असलेल्या माणसाला साखरेचा लाडू नाकारून गुळाचे दोन देणं ही माया नुकसानीची आहे.

गूळ चवीसाठी घ्या, आणि घेताना रंग बघा. अगदी पिवळाधमक, फिकट गूळ बहुधा हायड्रोस नावाचं रसायन टाकून उजळलेला असतो. गडद तपकिरी, थोडा मऊ, ज्याला उसाचा वास येतो तो बरा. काचेच्या पेल्यात कोमट पाण्यात एक खडा विरघळवा: तळाशी पांढरा गाळ बसला तर खडूची पूड असण्याची शक्यता. थोडी माती नि उसाचा चोथा सापडणं हे मात्र गुऱ्हाळाच्या गुळाचं नेहमीचं लक्षण, त्याला भेसळ म्हणू नये.

बेसन लाडू

घरातल्या नेहमीच्या प्रमाणात २५० ग्रॅम बेसन, १२५ ग्रॅम तूप, २२५ ग्रॅम पिठीसाखर असते. साखर १२५ ग्रॅमवर आणली तरी लाडू गोडच लागतो, कारण नीट भाजलेल्या बेसनाला स्वतःचा गोडसर वास असतो. २५ ग्रॅमचा एक असे वळले तर २० लाडू होतात. प्रत्येकात ६ ग्रॅमच्या आसपास साखर. जुन्या प्रमाणात तेवढ्याच लाडवात ९ ग्रॅम जाते.

इथे एक गोष्ट फसवते. साखर कमी केल्यावर त्याच वजनाच्या लाडवात बेसन आणि तुपाचा वाटा वाढतो. तुपाच्या एका ग्रॅमला ९ कॅलरी, साखरेच्या एका ग्रॅमला ४. त्यामुळे जुन्या प्रमाणाचा २५ ग्रॅमचा लाडू साधारण १२४ कॅलरीचा आणि कमी साखरेचा १२९ कॅलरीचा होतो. साखर कमी झाली, हे चांगलंच, पण लाडू ‘हलका’ झाला नाही. कमी गोड म्हणून तिसरा उचलला तर हिशेब उलटा फिरतो. वजन कमी करायचं असेल तर साखरेबरोबर आकारही उतरवावाच लागतो.

बेसन मंद आचेवर निदान २५ ते ३० मिनिटं भाजा. आधी अर्धंच तूप घाला, बाकीचं शेवटी. रंग बदामी व्हायला हवा, आणि सुरुवातीला घट्ट वाटणारं पीठ तूप सोडून सैल व्हायला हवं. कच्चं राहिलं तर लाडू टाळूला चिकटतो आणि मग तो लपवायला लोक जास्त साखर घालतात. उतरवल्यावर पीठ कोमट होऊ द्या, हाताला सोसेल इतकं, आणि मगच साखर मिसळा. गरम पिठात साखर विरघळते, मिश्रण पातळ होतं नि वळलेले लाडू ताटात बसके होतात. कमी साखरेचं मिश्रण थोडं भुरभुरीत वाटेल. त्यावर आणखी तूप ओतू नका, ताट अर्धा तास गार जागी ठेवा. तूप थिजायला लागलं की आपोआप वळता येतं.

पुरणपोळी

सणाच्या ताटात सगळ्यांत जास्त गोड जातं ते पोळीतून, कारण ती जेवण म्हणून खाल्ली जाते आणि मोजली जाते ‘दोनच घेतल्या’ अशी. २५० ग्रॅम डाळ, २५० ग्रॅम गूळ, २०० ग्रॅम कणीक यांच्या आठ मोठ्या पोळ्या केल्या तर एका पोळीत साधारण ६५ ग्रॅम कर्बोदकं येतात. एका साध्या चपातीत १५ ते १८ असतात. म्हणजे एक पोळी म्हणजे जवळपास चार चपात्या, आणि वर तुपाची धार.

डाळ नि कणीक तीच ठेवून गूळ १६० ग्रॅमवर आणा आणि पोळ्या १२ करा, तळहात नि बोटं मिळून जेवढा विस्तार होतो तेवढ्याच. एका पोळीत ३६ ग्रॅम कर्बोदकं, म्हणजे दोन चपात्या. ज्याला ‘दोन’ खाल्ल्याचं समाधान हवं असतं त्यालाही ते मिळतं.

गूळ कमी केला की पुरण कोरडं होतं नि पोळी लाटताना कडेला फाटते. उपाय गुळात शोधू नका, डाळीत शोधा. डाळ दोन-तीन तास भिजवून बोटाने दाबल्यावर पूर्ण मऊ होईपर्यंत शिजवा. कट नीट निथळा, पण डाळ अगदी कोरडी होईपर्यंत ठेवू नका. गूळ घातल्यावर पुरण घट्ट होत येतं, त्यात चमचा उभा राहायला लागला की थांबा, कारण गार झाल्यावर ते आणखी घट्ट होतं. जास्त शिजलंच तर दोन चमचे दूध घालून पुन्हा वाटा. जायफळ आणि वेलदोडा थोडा सढळ हाताने घातला, चिमूटभर मीठ टाकलं, तर कमी गूळ जाणवत नाही.

जेवताना क्रम बदला. आधी कोशिंबीर, पालेभाजी, कटाची आमटी, मग पोळी. भाजी आणि डाळ आधी पोटात गेली की मागून येणारी साखर रक्तात सावकाश उतरते. भात त्या दिवशी एका मुदीवर थांबवा. पोळी, भात, भजी, पापड आणि वर खीर असं ताट वाढलं तर पोळीतला गूळ कमी करून काही उपयोग नाही. यल्लम्माच्या नैवेद्याला किंवा लग्नाच्या जेवणात हुग्गी (गव्हाची गोड खीर) असेल तर त्या दिवशी पोळी नको, दोन्हींतलं एकच.

मोदकांचं थोडक्यात. उकडीचा लहान मोदक १८ ते २० ग्रॅम कर्बोदकांचा, साधारण एका चपातीएवढा. ओल्या खोबऱ्याच्या दोन वाट्यांना एक वाटी गुळाऐवजी पाऊण वाटी पुरतो. सारण मात्र लवकर उतरवा, नाहीतर कोरडं पडून पारीत फुटतं. तळणीचे मोदक दोन दिवस टिकतात म्हणून सोयीचे, पण तेल पितात.

घरचा कुंदा

कुंद्याचा तपकिरी रंग दूध आणि साखर भाजली गेल्यामुळे येतो, रंगाची बाटली त्यात लागत नाही. करदंट (डिंक-सुक्यामेव्याची वडी), मांडे, धारवाडी पेढा यांचंही तसंच. भगव्या जिलेबीपेक्षा नि हिरव्या-गुलाबी बर्फीपेक्षा आपल्या भागातली ही मिठाई या एका कारणासाठी आधी निवडावी.

एक लिटर म्हशीचं दूध, दोन चमचे ताजं, आंबट नसलेलं दही, ६० ग्रॅम साखर, चार वेलदोडे. जाड बुडाची पसरट कढई घ्या. दूध मोठ्या आचेवर उकळा, मग मध्यम आच करून सतत ढवळा, कडेची साय खरवडून आत घ्या. दूध निम्मं झालं की दही घाला. बारीक कण दिसायला लागतील. पाणी आटून मिश्रण कढई सोडू लागेपर्यंत ढवळत राहा. दुसऱ्या लहान भांड्यात ६० पैकी २० ग्रॅम साखर कोरडी वितळवा. ती मधाच्या रंगाची झाली की लगेच खव्यात ओता, हात दूर ठेवून, कारण उडते. आता राहिलेली साखर घाला. मिश्रण एकदा पातळ होईल, मग पुन्हा आटेल. तपकिरी, ओलसर, दाणेदार झालं की वेलदोड्याची पूड घालून उतरवा. एकूण वेळ सव्वा ते दीड तास. भरतो साधारण २७० ग्रॅम.

बिघडतो तो तीन ठिकाणी. दही आंबट असेल तर कण पनीरसारखे कडक होतात. साखर सुरुवातीलाच घातली तर बुडाला लागते आणि कुंदा चिवट होतो. वितळवलेली साखर काळपट होऊ दिली तर कडवटपणा येतो आणि तो कुठल्याही वेलदोड्याने झाकला जात नाही.

३० ग्रॅमच्या एका वाढीत वरची साखर ७ ग्रॅमच्या आत राहते, कॅलरी १३५ च्या आसपास. नेहमीच्या १२० ग्रॅम साखरेच्या प्रमाणात तेवढ्याच कुंद्यात ११ ग्रॅम साखर जाते. कमी साखरेची किंमत टिकाऊपणात मोजावी लागते. साखर पदार्थातलं पाणी धरून ठेवते म्हणून जंतू वाढत नाहीत, ती कमी केली की ते संरक्षणही कमी होतं. हा कुंदा फ्रिजमध्ये ठेवा आणि तीन-चार दिवसांत संपवा. पुण्या-मुंबईला पाहुण्यांबरोबर पाठवायचा असेल तर दुकानातलाच घ्या, घरचा कमी साखरेचा प्रवासात आंबेल.

करदंट

गोकाकचं करदंट ‘पौष्टिक’ म्हणून दिवसभर चघळलं जातं. पौष्टिक आहेच: डिंक, खारीक, खोबरं, बदाम, सगळं खरं. पण १०० ग्रॅमला साडेचारशे कॅलरींच्या वर जाणारा हा पदार्थ आहे. २० ग्रॅमचा, म्हणजे दोन काडेपेट्यांपेक्षा लहानसा तुकडा ९० ते १०० कॅलरीचा. बाळंतिणीसाठी किंवा शेतात राबणाऱ्यासाठी ते योग्य, खुर्चीत बसून चार तुकडे खाणाऱ्यासाठी नाही.

घरी करायचं तर: डिंक ५० ग्रॅम, किसलेलं सुकं खोबरं १००, खारकेची भरड ७५, बी काढलेला मऊ खजूर १००, बदाम ५०, काजू ५०, गूळ १२५, तूप ४० ग्रॅम, थोडी खसखस, जायफळ. डिंक कडकडीत तुपात चिमूट-चिमूट तळा. जास्त टाकला की बाहेरून फुलतो, आतून कच्चा राहतो आणि खाताना दाढेला चिकटतो. एक फुललेला खडा फोडून बघा, मधे काचेसारखा गोळा दिसता कामा नये. खोबरं नि खसखस कोरडी भाजा, बदाम-काजू त्याच तुपात परता. खजूर हाताने कुस्करून घ्या. गूळ पाणी न घालता मंद आचेवर वितळवा. फेस येऊ लागला की थेंब गार पाण्यात टाका, मऊ गोळी झाली की आच बंद. पुढे गेला तर वडी हातोडीने फोडावी लागेल, आधीच काढला तर वडी बसणार नाही, चुरा होईल. सगळं एकत्र करून तूप लावलेल्या ताटात वाटीने घट्ट दाबा आणि कोमट असतानाच कापा.

३० च्या आसपास तुकडे होतात. एका तुकड्यात गूळ ४ ग्रॅमहून थोडा जास्त, खजूर-खारकेची साखर धरून ८. ‘खजुरात बनवलंय, साखर नाही’ अशी पाटी लावलेल्या वड्यांचा हिशेबही असाच करावा. अख्ख्या फळातली साखर मर्यादेत धरत नसले तरी ग्लुकोमीटरला ती दिसतेच. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी खारीक, बदाम, शेंगदाणे यांतल्या पोटॅशियममुळे असे पदार्थ डॉक्टरांना विचारूनच खावेत.

दुकानात

गणपती ते दिवाळी या काळात खव्याची मागणी अचानक वाढते आणि भेसळ याच दिवसांत होते. सुट्या मिठाईच्या ताटासमोर ‘कधीपर्यंत वापरावी’ ती तारीख लावणं १ ऑक्टोबर २०२० पासून अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या आदेशाने बंधनकारक आहे. पाटी दिसली नाही तर विचारा. उत्तर द्यायला टाळाटाळ झाली तर तिथून सुकी मिठाई घ्या किंवा काहीच घेऊ नका.

खवा विकत घेताना बोटांत चोळा: तूप सुटलं पाहिजे, वास दुधाचा आला पाहिजे. आंबूस वास आला तर स्वस्त मिळाला तरी नको. पिठाची भेसळ तपासायला चमचाभर खवा पाण्यात उकळून गार करा आणि टिंक्चर आयोडीनचे दोन थेंब टाका. निळा रंग आला तर स्टार्च आहे. तपासलेला भाग फेकून द्या. चांदीचा वर्ख बोटांत चोळला तर विरून जातो. गोळी झाली तर तो अॅल्युमिनियमचा.

वजन खोक्याशिवाय करून मागा. जाड पुठ्ठ्याचं खोकं मिठाईच्या भावाने विकलं जाणं हा सणासुदीचा जुना त्रास आहे आणि ग्राहकाने तोंड उघडल्याशिवाय तो थांबत नाही. आणि किलोभर घेऊ नका. चार माणसांच्या घराला पाव किलो म्हणजे २५ ग्रॅमचे दहा तुकडे, दोन दिवस प्रत्येकाला एक आणि पाहुण्याला दोन. खोकं मोठं असलं की संपवायची घाई आपल्यालाच होते. धारवाडी पेढा घेतला तर वरची साखर ताटलीत झटकून खा, चव आतल्या भाजलेल्या खव्यात आहे. गुलाबजाम नि रसगुल्ला पाकातून काढून चमच्याने हलका दाबा, पाक वाटीत राहू द्या.

‘शुगरफ्री’ बर्फीबद्दल स्पष्ट सांगायचं तर बहुतेक वेळा ती पैशाची नासाडी असते. साखर नसली तरी खवा नि तूप तेवढंच असतं. माल्टिटॉलसारखा गोडवा वापरला असेल तर दोन-तीन तुकड्यांनी पोट फुगतं, कधी जुलाबही होतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये वजन आटोक्यात ठेवण्यासाठी कृत्रिम गोडवा वापरू नये असं सुचवलं. ही शिफारस आधीपासून मधुमेह असलेल्यांसाठी नाही, त्यांना मर्यादित उपयोग होऊ शकतो. घरी वापरायचा तर लक्षात ठेवा: अॅस्पार्टेम उष्णतेत टिकत नाही म्हणून गॅसवरच्या पदार्थात घालू नये, आणि कुठलीही पूड साखरेसारखी पाक धरत नाही, लाडू-वडी बांधली जात नाही. बासुंदीत उतरवल्यावर चालते.

पाकीटबंद चॉकलेट-बिस्किटांच्या मागे बहुधा इंग्रजी मजकूर असतो. दोन जागा बघायच्या. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते: पहिल्या तिनांत साखर, लिक्विड ग्लुकोज, डेक्स्ट्रोज, इन्व्हर्ट सिरप, माल्टोडेक्स्ट्रिन यांतलं काही असेल तर ती मिठाईच समजा, पाकिटावर ओट्सचं चित्र असलं तरी. मग १०० ग्रॅममागची साखर बघा, ‘एका वाढी’मागची नाही, कारण ती वाढ बहुधा एका बिस्किटाची असते. दुधाच्या चॉकलेटमध्ये १०० ग्रॅमला ५० ग्रॅमच्या वर साखर असते, ७० टक्के कोकोच्या गडद चॉकलेटमध्ये ३० च्या आसपास. ‘कंपाउंड’ लिहिलेल्या चॉकलेटमध्ये कोको बटरऐवजी वनस्पती तेल असतं. स्वस्त म्हणून ते घेण्यापेक्षा खऱ्या चॉकलेटचा लहान तुकडा बरा.

मुलं

संक्रांतीला गल्लीभर फिरून आलेल्या मुलाच्या खिशात तिळगूळ, हलवा, गोळ्या सगळं असतं. ते हिसकावून घेऊ नका. ताटात ओतून मुलालाच वेगळं करायला सांगा: आवडतं एका डब्यात, नावडतं बाजूला. आवडत्यातलं रोज एक किंवा दोन, जेवण झाल्याबरोबर. नावडतं उरलं तर कोणी खायलाच हवं असं नाही. हलवा नि साखरेची चित्रं जवळपास निव्वळ साखर, त्यापेक्षा तिळगुळाची वडी केव्हाही सरस.

दातांसाठी एकूण साखरेपेक्षा ती किती वेळा खाल्ली हे जास्त महत्त्वाचं. प्रत्येक वेळी गोड खाल्लं की तोंडातले जंतू आम्ल तयार करतात आणि ते अर्धा तास तरी दातांवर काम करतं. जेवणानंतर एकदम खाल्लेल्या दोन वड्या दिवसभर चघळलेल्या चार गोळ्यांपेक्षा कमी नुकसान करतात. चिक्की, टॉफी, कडक तिळगूळ दाढेच्या खाचेत अडकतो, म्हणून मुलांसाठी चिक्कीचा गूळ न वापरता साध्या गुळाची मऊ वडी करा. खाऊन झालं की पाण्याने खळखळून चूळ, रात्री झोपताना ब्रश.

चार वर्षांखालच्या मुलांना अख्खे शेंगदाणे, काजू नि कडक गोळ्या देऊ नका, श्वासनलिकेत अडकतात. कूट करून द्या. वर्षाखालच्या बाळाला मध अजिबात नको, चाटणासाठीसुद्धा, त्यातून बोटुलिझम होऊ शकतो. दोन वर्षांपर्यंत वरून साखरच नको.

पावसाळ्याच्या अखेरीस बेळगाव तालुक्याच्या पश्चिमेकडच्या गावांतून रताळी बाजारात येतात. ती उकडून, वर थोडं तूप नि मीठ लावून मुलांना द्या. भाजलेली जास्त गोड लागतात, पण उकडलेल्याने रक्तातली साखर सावकाश चढते. उन्हाळ्यात खानापूरकडची करवंदं, जांभळं आहेत.

मधुमेह असेल तर

गोड खाणार म्हणून गोळी किंवा इन्शुलिन स्वतःच्या मनाने वाढवू नका, आणि सणाचा उपवास म्हणून औषध घेऊन उपाशीही राहू नका. उपवासाच्या दिवसाचं औषध आधी डॉक्टरांकडून ठरवून घ्या. गोड हे जेवणाच्या वर नको, जेवणातल्या कशाच्या तरी बदल्यात हवं: २५ ग्रॅमचा बेसन लाडू घेतला तर एक चपाती कमी, लहान पुरणपोळी घेतली तर दोन चपात्या कमी, किंवा भात सोडायचा. पहिल्या घासापासून दोन तासांनी ग्लुकोमीटर लावा. कुठला पदार्थ आपल्याला किती चढवतो हे घरच्या यंत्रावरूनच कळतं, शेजारच्या काकांच्या अनुभवावरून नाही. जेवणानंतर १५-२० मिनिटं चाला, गणपतीच्या दिवसांत तर देखावे बघायला निघायचंच असतं.

घाम, थरथर, घाबरल्यासारखं वाटणं, अशी साखर उतरल्याची लक्षणं दिसली तर पेढा किंवा लाडू देऊ नका. त्यातलं तूप साखर रक्तात पोहोचायला उशीर करतं. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा, अजून ७० च्या खाली असेल तर परत द्या. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका, सरळ दवाखाना गाठा.

उरलेलं

फराळ सगळा एकदम टेबलावर ठेवू नका. रोजच्यापुरता ताटलीत काढा, डबा वरच्या फळीवर. बेसन लाडू घट्ट झाकणाच्या डब्यात दोन-तीन आठवडे राहतात, खव्याची मिठाई फ्रिजमध्येसुद्धा चार दिवसांच्या पुढे नको, ओल्या खोबऱ्याची त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी संपवा. करंजी, शंकरपाळी, करदंट यांना तेलकट, जुनाट वास यायला लागला म्हणजे तूप-तेल किंवा खोबरं खवट झालं आहे. वाया जाऊ नये म्हणून ते कामवाल्या मावशींना किंवा मुलांना देण्यापेक्षा टाकून द्या, आणि चांगलं असतानाच चौथ्या दिवशी वाटून टाकायची सवय लावा.